सभासद कोणाला म्हणावें?

आषाढ लागला कीं पुण्यांतील तरुण मुलामुलींच्या बोलण्यांत एक नवा विषय येतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत वाजविणाऱ्या ढोलताशा पथकांची नांवनोंदणी या सुमारास चालते. वाद्यपूजन होतें, आणि मग संध्याकाळीं मुठेच्या पात्रांत सराव सुरू होतो. महाविद्यालयांत जाणारीं, नोकरीस नुकतींच लागलेलीं, पेठांतून आणि उपनगरांतून आलेलीं शेंकडों मुलें-मुली कमरेला ढोल बांधून, बोटांना पट्ट्या गुंडाळून, कित्येक आठवडे तेच ताल घोटीत असतात. नांव नोंदवितांना त्यांच्याकडून अर्ज भरून घेतात. त्यावर सामान्यतः कांहीं नियम असतात: सरावास ठराविक दिवस हजर राहिलें पाहिजे, नेमलेला पोशाख केला पाहिजे, व्यसन करून येतां कामा नये, प्रमुखांचें ऐकलें पाहिजे. अर्ज भरणारा मुलगा हे नियम वाचतोच असें नाहीं. त्याचे वडील तर सहसा वाचीतच नाहींत. नियम म्हणजे कारकुनी बाब, अशी दोघांचीही समजूत असते.

आम्हांला ही बाब कारकुनी वाटत नाहीं. मनुष्य ज्या घरांत जन्मतो तें त्यानें निवडलेलें नसतें. जात निवडलेली नसते. शाळा वडिलांनीं निवडलेली असते. घराबाहेरच्या ज्या समाजांत तो आपखुषीनें पहिल्यानें पाऊल ठेवतो, तो समाज म्हणजे असें एखादें पथक, एखादी व्यायामशाळा, एखादें तरुण मंडळ. तेथें तो आयुष्यांत प्रथमच आपण होऊन म्हणतो कीं, मी तुमच्यांतला एक होतों आणि तुमचे नियम ते माझे नियम. हें म्हणणें त्यानें मनापासून म्हटलें कीं पोरखेळ म्हणून म्हटलें, आणि ऐकणाऱ्यांनीं त्याचा मान राखला कीं केवळ उपयोग करून घेतला, यावर त्याच्या पुढल्या नागरिकत्वाचें बरेंचसें वळण अवलंबून असतें. म्हणून मंडळानें दारांत उभ्या राहिलेल्या तरुणापाशीं काय मागावें, आणि तो आंत आल्यावर मंडळ त्याचें काय देणें लागतें, हा प्रश्न नीतीचा आहे.

या प्रश्नावर दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. वडीलधाऱ्यांचें मत असें कीं, नियम जितके कडक तितकें मंडळ चांगलें. तरुण रक्ताला लगाम पाहिजे, आणि घरीं न ऐकणारा मुलगा चार लोकांच्या धाकानें तरी सुधारतो. तरुणांचें मत असें कीं, मंडळ ही कांहीं शाळा नव्हे. ज्याला यावयाचें त्यानें यावें, वाजवावें, हंसावें-खेळावें आणि जावें. नियमांनीं उत्साह मरतो. पहिल्या मतांतली चूक अशी कीं, तें शिस्तीला साधन न समजतां साध्य समजतें. एका सुरांत पावलें टाकणारी तुकडी डोळ्यांना बरी दिसते. पण तीं पावलें कोणीकडे चाललीं आहेत हें विचारण्याची संवय ज्यांची मोडली, त्यांच्या शिस्तीची आम्हांला भीति वाटते. दुसऱ्या मतांतली चूक याहून सूक्ष्म आहे. नियम नसलेलें मंडळ मोकळें असतें, हा भ्रम आहे. जेथें लिहिलेला नियम नसतो तेथें दांडग्याचा नियम चालतो. आणि तो कोणत्याही अर्जावर छापलेला नसल्यामुळें त्याविरुद्ध दादही मागतां येत नाहीं. तेव्हां नियम असावेत कीं नसावेत हा वादच उरत नाहीं. ते कोणते असावेत, आणि कोणासाठीं असावेत, एवढेंच पाहणें उरतें.

बारकाईनें पाहिलें तर असे नियम तीन प्रकारचे आढळतात. कांहीं नियम कामांतूनच निघतात. ताशाच्या इशाऱ्यावर ढोलाचा ठोका पडला पाहिजे. सरावाला न येणारा मिरवणुकींत चुकतो आणि त्याच्याबरोबर सबंध रांग चुकते. येथें हजेरीचा आग्रह धरणें हा जुलूम नव्हे. कांहीं नियम शेजारच्या माणसाच्या मानासाठीं असतात: दारू पिऊन येऊं नये, मुलींची थट्टा करूं नये, दुसऱ्याच्या जातीवरून, बोलीवरून किंवा कपड्यांवरून त्याला हिणवूं नये. हेही मागण्याचा मंडळास पूर्ण हक्क आहे. तिसऱ्या प्रकारचे नियम मात्र माणसाच्या खासगी आयुष्यांत हात घालतात: त्यानें काय वाचावें, कोणाशीं मैत्री करावी, कोणत्या पुढाऱ्याचा जयजयकार करावा. वर्षांतून दोन महिने संध्याकाळचे कांहीं तास जें मंडळ तरुणापाशीं मागतें, त्यानें त्याच्या उरलेल्या दिवसावर आणि विचारांवर मालकी सांगणें हें अतिक्रमण होय.

यावर कोणी म्हणेल कीं, पुण्याचाच इतिहास आमच्या विरुद्ध साक्ष देतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं 12 जून 1905 रोजीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां सभासदाला जीं सात व्रतें घ्यावीं लागत त्यांत खासगी आयुष्य शुद्ध ठेवण्याचें व्रत होतेंच. शिवाय स्वतःसाठीं द्रव्यार्जन न करण्याचें, सर्व हिंदी लोकांना जातिधर्मभेद न करतां बंधु मानण्याचें आणि कोणाशींही वैयक्तिक कलह न करण्याचेंही होतें. हें खरें आहे. परंतु त्याबरोबर आणखी तीन गोष्टी लक्षांत घेतल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, तो समाज सभासदाचें सबंध आयुष्य मागत होता आणि त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाचा भारही पत्करीत होता. देणें जितकें मोठें तितकेंच मागणेंही मोठें होतें. दुसरी अशी कीं, पुरता सभासद होण्याआधीं पांच वर्षांची उमेदवारी होती. म्हणजे होय म्हणण्यापूर्वीं नाहीं म्हणावयास पुरेसा अवधि होता. तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, अशी कीं, तीं व्रतें प्रथम गोखल्यांनीं स्वतः घेतलीं आणि मग आपल्या तिघां सहकाऱ्यांना दिलीं. जो नियम करणाऱ्याला बांधतो तोच नियम पाळणाऱ्याला कमीपणा आणीत नाहीं. पथकाच्या प्रमुखाला उशीर चालतो आणि नवख्याला चालत नाहीं, अध्यक्षांच्या चिरंजीवांचा अपराध हंसण्यावारी जातो आणि शिपायाच्या मुलाचा अपराध सभेपुढें येतो, असें जेथें दिसेल तेथें नियमांची यादी कितीही सुंदर असो, ती चाकरीच्या अटींची यादी आहे असें खुशाल समजावें.

नियम आधीं सांगितलेला असावा, आणि त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच कळलेला असावा, याचा धडाही याच शहरांत मिळतो. 1884 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हां तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें पत्करलें. त्या सभासदांच्या त्यागाविषयीं कोणालाच शंका घेतां येणार नाहीं. तरीही सभासदानें बाहेरचीं कामें करून द्रव्य मिळवावें कीं नाहीं, त्यागाचा अर्थ कोठपर्यंत ताणावा, यावरून त्यांच्यांत तीव्र मतभेद झाले. इतरही कारणें त्यांत मिसळलीं. आणि 1890 च्या अखेरीस टिळक त्या संस्थेंतून बाहेर पडले. एवढ्या थोर आणि एवढ्या सुशिक्षित माणसांना जें जमलें नाहीं तें अठरा वर्षांच्या मुलांना न सांगतां समजेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? मंडळाला जें हवें असेल तें त्यानें स्पष्ट, थोडक्यांत आणि नांव लिहून घेण्यापूर्वीं सांगावें. नांव लिहून घेतल्यावर काढलेला नियम कायद्यानें चालेल, पण सचोटीला तो शोभत नाहीं.

सभासद न होण्यांतही सभ्यपणा असूं शकतो, हें 1915 सालच्या एका प्रसंगावरून दिसतें. दक्षिण आफ्रिकेंतून परतलेल्या गांधीजींनीं भारत सेवक समाजांत यावें अशी गोखल्यांची इच्छा होती. तत्पूर्वीं एक वर्ष त्यांनीं देशांत हिंडून पाहावें, असेंही गोखल्यांनीं त्यांना सांगितलें होतें. 19 फेब्रुवारी 1915 रोजीं गोखले वारले. पुढें गांधीजींनीं प्रवेशासाठीं अर्ज केला. पण त्यांच्या विचारांत आणि समाजाच्या रीतींत अंतर असल्यामुळें सभासदांत दोन तट पडले. आपल्या पायीं जुन्या स्नेह्यांना अवघडल्यासारखें व्हावें हें न रुचून गांधीजींनीं अर्ज मागें घेतला. कटुता राहिली नाहीं. अर्ज नाकारावयाची पाळी आली तर ती कशी निभवावी, आणि आपलें जमणार नाहीं असें दिसल्यावर कसें दूर व्हावें, हें येथें पाहावयास मिळतें. आमच्याकडे तरुण मंडळांतून मनुष्य निघाला कीं दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रतिस्पर्धी मंडळ उभें राहतें आणि दोन्ही मंडळांची शक्ति एकमेकांची उणीं काढण्यांत जाते.

येथवर आंत शिरणाऱ्यानें काय द्यावें याचा विचार झाला. आंत शिरल्यावर त्याला काय मिळतें, हा प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर पुण्याच्या क्रिकेटच्या मैदानावर सांपडतें.

पालवणकर बाळू हे चांभार समाजांत 1876 च्या सुमारास जन्मलेले गृहस्थ. पुण्यांतील गोऱ्या लोकांच्या क्लबांत अल्प पगारावर ते खेळपट्टीची निगा राखीत, आणि ग्रेग नांवाच्या नामांकित फलंदाजाला सरावासाठीं चेंडू टाकीत. डावखुऱ्या हातानें टाकलेल्या त्यांच्या संथ चेंडूंची कीर्ति शहरांत पसरली. गोऱ्यांच्या संघाला हरविण्याची ईर्षा पुण्यांतील हिंदु संघाला होती. पण बाळूंना घ्यावें कीं नाहीं यावर त्यांच्यांत वाद माजला. अखेर त्यांना घेतलें. मैदानावर उच्चवर्णीय खेळाडू त्यांच्याच चेंडूला हात लावीत, त्यांच्याच बळींवर विजय मिळवीत. परंतु चहाची वेळ झाली कीं इतर मंडळी आंत बसून कपांतून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर, फेंकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. जेवणाचें पानही वेगळें असे.

हा प्रकार करणारे लोक अडाणी नव्हते. त्यांतले कित्येक इंग्रजी शिकलेले, समतेवरचे ग्रंथ वाचलेले, आमच्यासारख्याच प्राध्यापकांच्या हाताखालून गेलेले असावेत. त्यांनीं बाळूंचें नांव यादींत लिहिलें होतें. पण सभासद म्हणून त्यांना घेतलें होतें काय? आमच्या मतें त्यांनीं एक डावा हात घेतला होता, आणि त्या हाताचा धनी दाराबाहेर उभा ठेवला होता. लिहिलेल्या नियमांत चहाविषयीं अवाक्षरही नसेल. चहाचा नियम रूढीचा होता. आणि त्या रूढीचें बळ केवढें होतें हें पांचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणावरून कळतें. 1890 सालीं तेथें चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ति रानड्यांसारख्यालाही पुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें होतें. त्याच रानड्यांनीं बाळूंच्या पराक्रमानंतर खेळाडूंना जाहीरपणें बजावलें कीं, ज्याच्याबरोबर तुम्ही खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही तुमची हरकत असतां कामा नये. स्वतः रूढीपुढें वांकावें लागलेल्या माणसाच्या तोंडून आलेला हा उपदेश आम्हांला अधिकच मोलाचा वाटतो. 1911 सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूंनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदु संघाचें कर्णधारपद रीतसर त्यांना केव्हांच मिळालें नाहीं. 1923 सालीं तें मिळालें त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना. एका घरांतल्या दोघां भावांच्या आयुष्यांत मिळून तीस वर्षें लोटलीं, तेव्हां कोठें मैदानावरचें सभासदत्व पूर्ण झालें.

या गोष्टीवरून नियमांची खरी कसोटी आम्हांला दिसते. वागणुकीचे नियम प्रमुखांचा अधिकार दाखविण्यासाठीं नसतात, आणि मंडळाचा लौकिक झळकविण्यासाठींही नसतात. मंडळांतला जो सर्वांत नवखा, सर्वांत दुबळा, सर्वांत एकटा सभासद असेल, त्याला इतरांइतकेंच पूर्ण सभासद होतां यावें, यासाठीं ते असतात. जो नियम या कामीं येतो तो कितीही कडक असला तरी योग्य. जो येत नाहीं तो कितीही जुना असला तरी अनावश्यक.

या कसोटीनें आजच्या एका अवघड प्रश्नाकडे पाहूं. समजा, एखाद्या पथकांत एक मुलगा आहे. वाजविण्यांत अग्रेसर, कामाला वाघ, पण मुलींशीं बोलतांना त्याचा तोल सुटतो. त्याला काढावें काय? प्रमुख विचार करतात कीं, मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. येथून काढला तर तो जाणार कोठें? कदाचित् याहून वाईट संगतींत जाईल. एकदां समज द्यावी, दोनदां द्यावी, सांभाळून घ्यावें. हा विचार दयेचा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या सहवासांत जन्म घालविलेल्या आम्हांला तो परका नाहीं. परंतु या हिशेबांत एक रक्कम मांडावयाची राहून जाते. तो मुलगा पथकांत राहतो, आणि दोन मुली सरावाला यावयाच्या बंद होतात. त्या तक्रार करीत नाहींत. अभ्यास आहे, घरीं काम आहे, असें सांगून गळतात. त्यांना कोणीं काढलें, असें विचारलें तर कोणींच नाहीं, असें उत्तर मिळतें. ज्याला काढलें त्याचें नांव वहींत खोडलेलें तरी दिसतें; जे मुकाट्यानें निघून गेले त्यांची नोंद कोणत्याच वहींत नसते. एकावर केलेली दया ही दुसऱ्यांची हकालपट्टी असूं शकते, आणि ती निकाल न देतां, चौकशी न करतां झालेली हकालपट्टी असते.

याचा अर्थ चुकलेल्या मुलाला ताबडतोब हांकलून द्यावें असा नव्हे. त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. अपराध काय आहे तें त्याला नांव घेऊन सांगावें. ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागावयास लावावी. कांहीं काळ त्याला दूर ठेवावें, आणि सुधारून आल्यास परतीचें दार उघडें ठेवावें. पण हें सर्व होत असतां जागा रिकामी व्हावयाची ती त्याची व्हावी, त्या मुलींची होऊं नये. वाजविणारा चांगला आहे, मिरवणूक तोंडावर आली आहे, हीं कारणें येथें गैरलागू होत. बाळूंचा हात उपयोगी म्हणून त्यांना आंत घेणारे आणि या मुलाचा हात उपयोगी म्हणून त्याला न काढणारे, दोघेही एकच चूक करतात. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवावी असें दोघांनाही वाटतें.

वर्गणीचाही विचार याच दृष्टीनें करावयास हवा. पोशाखाचा आणि वर्गणीचा खर्च एखाद्या घरास जड जात असेल, तर तो मुलगा पैसे नाहींत असें न सांगतां आवड नाहीं असें सांगतो. जें मंडळ ही अडचण विचारल्याशिवाय ओळखतें आणि चारचौघांत न बोलतां दूर करतें, तें आम्हांला मोठें वाटतें. 4 जून 1941 रोजीं पुण्यांत राष्ट्र सेवा दलाची नव्यानें उभारणी झाली आणि एस. एम. जोशी तिचे प्रमुख झाले, तेव्हां निरनिराळ्या जातींचीं आणि धर्मांचीं मुलें-मुली एका मैदानावर, एका रांगेंत आणण्याचा आग्रह त्यांनीं धरला. त्या काळीं मुलगी मुलांबरोबर मैदानावर येणें हेंच अनेक घरांत आक्षेपार्ह होतें. तेथें रांगेंत शेजारी कोण उभें राहतें हाच पहिला धडा होता. कवायत त्यामागून येत होती.

आमचे वाचक बहुतेक कुटुंबवत्सल आहेत, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या घरांत यंदाही असा एखादा अर्ज येईल. मुलगा किंवा मुलगी सही मागेल, आणि आपण घरीं किती वाजतां येणार, खर्च किती, परीक्षा केव्हां, एवढेंच विचारून सही करूं. हे प्रश्न रास्तच आहेत. त्यांना आणखी दोन-तीन जोडावे, अशी आमची विनंति आहे. हे नियम प्रमुखांनाही लागू आहेत ना? गेल्या वर्षीं नांव नोंदवून मध्येंच कोण कोण गेलें, आणि कां गेलें, याची कोणी विचारपूस केली काय? सराव संपल्यावर चहा येतो तेव्हां शेवटचा कप कोणाला मिळतो? मुलाला उत्तरें ठाऊक नसतील तर त्यानें तीं विचारून यावींत. आणि तीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर मुलाला मंडळांतून काढून घेण्यापेक्षां, आंत राहून तीं बदलण्याचा प्रयत्न कर, असेंच आम्ही त्याला सांगूं. यंदा त्याचें ऐकलें जाणार नाहीं, हें संभवतें. पण चार वर्षांनीं नवीं नांवें लिहून घेणाऱ्यांत तो स्वतःच बसलेला असेल.